अ‍ॅलनचा मुलगा विल्यम: मध्ययुगीन स्कॉटलंडमधलं एक घराणं शोधताना

स्कॉटलंडमध्ये इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आले, तेव्हा पहिल्याच सत्रात आम्हा प्रत्येकाला एकेक मध्ययुगीन जमीनदार वाटून दिला गेला. त्याचे आईवडील, भाऊबंद, जमिनी, जे काही सापडेल ते मूळ कागदांवरून शोधायचं. माझ्या वाट्याला सर विल्यम वॉलेस आला. स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रजांना हरवणारा, एवढा प्रसिद्ध माणूस. त्याच्या वडिलांचं नाव नक्की करण्यात माझा दीड महिना गेला. या वाटेवर नव्यानं येणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून तो दीड महिना इथे मांडते आहे.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. एकोणिसाव्या शतकातली एक छापील वंशावळ हाती लागली. वडील एल्डर्स्लीचे सर माल्कम वॉलेस, आई क्रॉफर्डांच्या घरातली, सगळं नीट मांडलेलं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि त्यावर पुढचं रचत गेले. मार्गदर्शक बाईंनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "हे पहिल्यांदा कोणी लिहिलं, आणि किती वर्षांनी?" एकेक पुस्तक मागे मागे नेत गेले, तर सगळे धागे एकाच ठिकाणी पोचत होते: ब्लाइंड हॅरी या कवीनं १४७७च्या सुमारास रचलेल्या दीर्घकाव्यापाशी. वॉलेसला लंडनमध्ये देहदंड झाला तो २३ ऑगस्ट १३०५ला. मध्ये पावणेदोनशे वर्षं.

पुण्यात मोडी शिकताना मी वतनाच्या तंट्यातले करीने वाचले होते. करीन्यात घराणं आपली हकीकत आपल्याला हवी तशी सांगतं, म्हणून तो कधी एकटा वाचायचा नसतो, हे तिथे शिकले होते. इथे मात्र छापील इंग्रजी पुस्तक समोर आलं आणि ती सवय मी बाजूला ठेवली. तुम्ही ठेवू नका.

मग वॉलेसच्या हयातीतल्या कागदांकडे वळले. असे कागद मोजकेच आहेत आणि त्यातला एक जर्मनीतल्या ल्यूबेक शहराच्या दप्तरात आहे. स्टर्लिंगची लढाई ११ सप्टेंबर १२९७ची. बरोबर महिन्यानं, ११ ऑक्टोबरला, हॅडिंग्टनहून वॉलेसचा सहसेनानी अँड्र्यू मरी आणि विल्यम वॉलेस या दोघांच्या नावानं ल्यूबेक आणि हॅम्बुर्गच्या महापौरांना आणि नागरिकांना पत्र गेलं: स्कॉटलंड इंग्रजांच्या हातून सुटलं आहे, आमची बंदरं तुम्हाला खुली आहेत. मजकूर व्यापाराचा आहे, घराण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. माझं उत्तर मजकुराखाली लोंबणाऱ्या मेणाच्या शिक्क्यात होतं.

शिक्क्याचा फोटो मी पडद्यावर मोठा करून पाहिला. एका बाजूला स्कॉटलंडचा सिंह. दुसऱ्या बाजूला प्रत्यंचा चढवलेलं धनुष्य आणि त्यातून डोकावणारा बाण. भोवती गोलाकार अक्षरं, सुरुवातीची झिजलेली. जे उरलंय ते वाचलं जातं ते असं: विलेल्मस फिलियस अलानी वालाइस. म्हणजे अ‍ॅलन वॉलेसचा मुलगा विल्यम. माल्कमचा नव्हे. माणसाच्या स्वतःच्या शिक्क्यावर त्याच्या बापाचं नाव, त्याच्या हयातीत कोरलेलं! यापुढे पावणेदोनशे वर्षांनंतरच्या काव्याची साक्ष टिकत नाही. आपल्याकडे महजरावर, म्हणजे वतनाच्या निवाडपत्रावर, पाटलाच्या नावाशी नांगर काढलेला पाहिला असेल, तर अशी निशाणी किती बोलते हे वेगळं सांगायला नको. म्हणून पहिलं सांगणं हेच, की सनद वाचाल तेव्हा खालचा शिक्काही वाचा. छापील आवृत्तीत बहुतेक वेळा फक्त मजकूर असतो. शिक्क्यांच्या याद्या वेगळ्या काढलेल्या असतात, त्या मागून घ्या.

आता हा अ‍ॅलन कोण? १२९६मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं स्कॉटलंड जिंकून तिथल्या जमीनदारांकडून निष्ठेच्या शपथा लिहून घेतल्या. ऑगस्टअखेर बेरिकला तयार झालेल्या त्या यादीला रॅगमन रोल म्हणतात. दीड हजारांहून जास्त नावं, भाषा फ्रेंच. जवळपास प्रत्येक नावापुढे परगणा दिलाय, म्हणून ही यादी आमच्यासारख्यांना सोन्यासारखी. तिच्यात 'अलेन वालेस' सापडतो, एअर परगण्यातला, राजाकडून थेट जमीन धरणारा. एल्डर्स्ली पेझ्लीजवळ आहे आणि तो भाग तेव्हा लॅनार्कच्या शेरीफच्या अखत्यारीत येत होता, एअरच्या नव्हे. त्यामुळे घराण्याचं मूळ एअरशरमध्ये, किलमार्नॉकच्या बाजूला शोधावं असं आज बरेच अभ्यासक मानतात.

इथेच एक पाऊल थांबायचं. बापाचं नाव अ‍ॅलन, हे शिक्का सांगतो. पण तो अ‍ॅलन म्हणजे यादीतलाच अ‍ॅलन, हे कुठलाच कागद सांगत नाही. तो आपला अंदाज, भक्कम असला तरी अंदाजच. माझ्या वहीत तेव्हापासून दोन रंग आहेत. कागद सांगतो ते काळ्या शाईत, मी जोडते ते पेन्सिलीनं.

मग माल्कम आला कुठून? त्याचं उत्तर मला एका हेराच्या बातमीत मिळालं. ऑगस्ट १२९९मध्ये पीबल्सला स्कॉट सरदारांची बैठक होती. वॉलेस देशाबाहेर निघाला होता. सर डेव्हिड ग्रॅहमनं मागणी केली की वॉलेस परवानगीशिवाय जातोय, तेव्हा त्याच्या जमिनी आणि मालमत्ता मला द्या. वॉलेसचा भाऊ सर माल्कम उठला, 'हे होणार नाही' म्हणाला आणि दोघांनी खंजीर उपसले. गोंधळ एवढा वाढला की जॉन कॉमिन या सरदारानं रॉबर्ट ब्रूस या दुसऱ्या सरदाराचा गळा धरला. इंग्रजांच्या हेरानं हे सगळं जसंच्या तसं कळवलं. मी ते वाचताना खंजिरांपेक्षा दोन शब्दांवर थांबले: जमिनी, आणि भाऊ. वॉलेसकडे स्वतःच्या जमिनी होत्या आणि माल्कम हा त्याचा भाऊ होता. पुढच्या पिढ्यांच्या सांगण्यात भावाचं नाव बापाला चिकटलं असावं. (हे पेन्सिलीनं.)

कागद इतके थोडे का, असा प्रश्न पडेलच. स्कॉटलंडची दप्तरं दोनदा उचलली गेली, १२९६मध्ये एडवर्डनं आणि १६५१मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यानं. दुसऱ्या वेळी नेलेल्या कागदांची काही पिंपं १६६०च्या डिसेंबरात 'एलिझाबेथ' जहाजातून परत येत होती. जहाज बुडालं आणि त्याबरोबर तीही गेली. गावच्या चर्चमधली जन्म-लग्नाची नोंदवहीसुद्धा १५५३च्या आधीची मिळत नाही. त्यामुळे मध्ययुगातला माणूस जन्मतारखेवरून सापडत नाही, जमिनीवरून सापडतो.

जमीन धरून चाला. मठाला दिलेल्या दानपत्रात दाता 'माझ्या वडिलांच्या, आईच्या, बायकोच्या आत्म्याच्या कल्याणासाठी' असं लिहितो, तिथे दोन पिढ्या एका ओळीत मिळतात. शेवटी साक्षीदारांची यादी असते. तारीख नसलेल्या सनदेचा काळ बहुतेक या यादीवरूनच ठरतो, कारण अमुक बिशप कधी गादीवर आला आणि कधी वारला हे ठाऊक असतं. बायकांकडे दुर्लक्ष करू नका. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे. मुलगा नसेल तर जमीन मुलींकडे आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या घराण्यात जाई. एखादं गाव अचानक नव्या आडनावाकडे दिसलं की मी आधी लग्न शोधते. तारखांचंही एक पथ्य आहे: स्कॉटलंडमध्ये १६००पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे कागदावरचा फेब्रुवारी १३९९ म्हणजे आपला १४००.

घरबसल्या सुरुवात करायची तर 'पीपल ऑफ मेडिएव्हल स्कॉटलंड' हा विनामूल्य कोश आहे. १०९३ ते १३७१ या काळातल्या सनदांमधली माणसं त्यात आहेत, कोण कुणाच्या सनदेला साक्षीदार होतं तेही. शोधताना वालेन्सिस, वालेस, ल वालेस असं लिहिण्याचं प्रत्येक रूप टाकून पाहा. त्या नावाचा मूळ अर्थ वेल्श किंवा जुन्या ब्रिटन लोकांपैकी एक. पुढच्या काळासाठी राजाच्या मोठ्या शिक्क्याखाली दिलेल्या सनदांची छापील नोंदवही घ्या, ती १३०६पासूनची आहे. एडिनबराच्या जनरल रजिस्टर हाउसमध्ये मूळ कागद मागवण्याआधी लॅटिन थोडं तरी गाठीला असू द्या. फिलियस, फ्रातेर, हेरेस, उक्सोर आणि रेलिक्ता, म्हणजे मुलगा, भाऊ, वारस, बायको आणि विधवा, एवढ्या पाच शब्दांवर माझा पहिला महिना निभावला.

माझ्या वहीत वॉलेसच्या पानावर आज वडिलांच्या रकान्यात काळ्या शाईत 'अ‍ॅलन' आहे, समोर १२९७. त्याखाली भाऊ माल्कम, १२९९. आईच्या रकान्यात पेन्सिलीनं 'क्रॉफर्ड?' लिहिलंय.