छोट्या रेल्वेच्या क्लबात नवा ड्रायव्हर कसा तयार करावा

ब्रिटनमधील मॉडेल इंजिनिअरिंग क्लबांची, म्हणजे खऱ्या यंत्रांच्या चालत्या छोट्या प्रतिकृती घडवणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबांची, परंपरा जुनी आहे. लंडनची सोसायटी ऑफ मॉडेल अँड एक्सपेरिमेंटल इंजिनिअर्स ही संस्था 1898 सालची. यांतील अनेक क्लब सुट्टीच्या दिवशी एकमेकांपासून साडेतीन, पाच किंवा सव्वासात इंच अंतरावर असलेल्या रुळांवर वाफेच्या इंजिनांनी लोकांना फेरी मारून आणतात. पुण्याच्या पेशवे पार्कातल्या फुलराणीत प्रवासी डब्याच्या आत बसतात. या क्लबांत, विशेषतः उंचावरच्या रुळांवर, ते बाकासारख्या डब्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसतात, आणि ड्रायव्हरही इंजिनामागच्या छोट्या गाडीवर तसाच बसतो. इंजिन गुडघ्याएवढे असले, तरी बॉयलरमधील दाब दर चौरस इंचाला साधारण 80 ते 100 पौंड असतो आणि मागची माणसे पूर्ण आकाराची असतात. प्रशिक्षणाची आखणी करताना हे विसरू नये.

शिकाऊ सदस्याला प्रथम इंजिनावर न बसवता गार्डच्या जागी बसवावे. गाडीच्या शेपटीला बसून पाहिल्याशिवाय मुले वळणावर पाय कसे बाहेर काढतात, पालक फोटोसाठी कसे एका बाजूला झुकतात आणि उंच रुळावर तेवढ्याने डबा कलंडण्याची भीती का असते, हे ध्यानात येत नाही. प्रवाशांना बसवणे, सूचना देणे, डब्यांच्या जोडण्या व सुरक्षा साखळ्या तपासणे आणि सर्व ठीक असल्याखेरीज निघण्याची खूण न देणे, ही कामे अंगवळणी पडली की बॅटरीवरचे इंजिन द्यावे. त्यावर आगीचे व पाण्याचे व्यवधान नसल्याने चढ-उतार, सांधे, सिग्नल आणि मुख्य म्हणजे थांबण्याचे अंतर शिकण्यावर सारे लक्ष देता येते. गाडी प्रथम रिकामी, मग क्लबच्या सदस्यांनी भरलेली आणि शेवटी ओल्या रुळांवर थांबवून दाखवायला सांगावे. भरलेली गाडी उतारावर किती पुढे जाते, हे तोंडी सांगून पटत नाही.

वाफेच्या इंजिनाचा पहिला धडा शेडजवळ, इंजिन उभे असतानाच द्यावा. या बॉयलरची तपासणी वेळेत झाल्याचे प्रमाणपत्र शिकाऊ सदस्याने स्वतः मागून पाहावे, म्हणजे ती सवय लागते. आग पेटवताना रॉकेलमध्ये भिजवलेला लाकडी कोळसा वापरतात आणि वाफ तयार होईपर्यंत धुराड्यावर विजेचा लहान पंखा बसवून हवा ओढून घेतात. पुरेशी वाफ झाली की पंखा काढून इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडून हवा ओढणारी नळी) उघडायचा. यातूनच पुढचा पक्का नियम येतो: रेग्युलेटर (सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारी झडप) बंद करण्यापूर्वी ब्लोअर उघडा असल्याची खात्री करावी, कारण सिलिंडरमधून येणाऱ्या वाफेची ओढ थांबली की भट्टीतली ज्वाळा दारातून मागे, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या हातांवर, येऊ शकते.

सर्वांत जास्त वेळ पाण्याच्या काचेवर, म्हणजे बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर, घालवावा. लहान इंजिनाची काच इतकी अरुंद असते की पाणी तिला चिकटून राहते आणि पातळी खोटी दिसू शकते. शिवाय काठोकाठ भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच घाईत सारखीच भासते. म्हणून खालची तोटी उघडून काचेतील पाणी सोडायचे, ती बंद करायची आणि पाणी झटकन परत चढते का, हे पाहायचे. ते रेंगाळत चढले तर मार्ग अडला आहे असे समजावे. चिमणी पुढे ठेवून चढ चढताना पाणी मागे सरकते व काचेत जास्त दिसते, आणि माथा ओलांडताच तेच पाणी पुढे जाऊन भट्टीचे छत उघडे पडू शकते. त्यामुळे पातळी नेहमी सपाट जागी मोजावी. पाणी दिसेनासे झालेच, तर नवे पाणी न भरता आग काढून टाकावी आणि प्रवाशांना खाली उतरवावे.

इंजेक्टर (वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे उपकरण) सुरू करताना आधी पाणी, मग वाफ. बंद करताना आधी वाफ, मग पाणी. टेंडरमधले, म्हणजे इंजिनामागच्या पाणी-कोळशाच्या गाडीतले, पाणी उन्हाने कोमट झाले की इंजेक्टर पाणी उचलत नाही, म्हणून हातपंप चालवण्याचा सरावही करून घ्यावा.

गाडी सुटताना सिलिंडरच्या तोट्या उघड्या ठेवून, साठलेले पाणी बाहेर पडेपर्यंत रेग्युलेटर अगदी थोडा उघडावा. चाके घसरली तर रेग्युलेटर लगेच मिटायचा, हे हाताला आपोआप जमले पाहिजे. वेग पळणाऱ्या माणसाच्या चालीपेक्षा जास्त कधीच असू नये.

माझ्या मते शिकवायला सर्वांत अवघड माणूस म्हणजे ज्याने अनेक वर्षे खपून स्वतःचे इंजिन घडवले आहे तो. त्याला प्रत्येक स्क्रू ठाऊक असतो, पण त्याचे डोळे इंजिनावरून हटत नाहीत आणि पुढचा सिग्नल लाल झालेला त्याला दिसत नाही. अशा सदस्याला क्लबच्या इंजिनावर शिकवावे, आणि त्याची परीक्षा त्याच्या जवळच्या मित्राने किंवा नातेवाइकाने घेऊ नये.

परीक्षेत सफाईने मारलेल्या फेऱ्यांपेक्षा नकार देण्याची तयारी पाहावी. परीक्षकाने मुद्दाम एखादी जोडणी सैल ठेवावी किंवा गार्डला खूण न देण्यास सांगावे. तरीही गाडी हलली तर त्या दिवशी परीक्षा तिथेच थांबवावी. उत्तीर्ण झालेल्याची परवानगी कोणत्या प्रकारच्या इंजिनांसाठी आहे, हे वहीत स्पष्ट लिहावे; बॅटरीच्या इंजिनाची परवानगी वाफेला चालत नाही. हंगामभर गाडी न चालवलेल्या सदस्याने पुढच्या वसंतात पहिल्या फेऱ्या प्रवाशांविना, अनुभवी ड्रायव्हरला मागे बसवून माराव्यात.