बंद पडलेली तंत्रज्ञान उद्योजक संघटना पुन्हा सुरू करताय? या चुका टाळा

जिल्ह्याच्या ठिकाणी स्थापन झालेल्या तंत्रज्ञान उद्योजकांच्या संघटना भांडणामुळे क्वचितच मोडतात. बहुतेक नुसत्या थांबतात. अध्यक्ष मुलाकडे पुण्याला राहायला जातात, सचिवांचा व्याप वाढतो, वार्षिक सभा एक वर्ष टळते आणि मग टळतच राहते. पुढे कधीतरी काही उत्साही तरुण एकत्र येऊन संघटना पुन्हा उभी करायचे ठरवतात. तळकोकणात अशा प्रयत्नांना मदत करताना त्याच त्या चुका वारंवार दिसतात, म्हणून हे लिहीत आहे.

कागद न पाहता नवी कार्यकारिणी जाहीर करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. महाराष्ट्रात 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या संघटनेला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदणी करावी लागते. त्यामुळे पदाधिकारी बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, दाखल करणे बंधनकारक असते. तो मंजूर होईपर्यंत शेड्यूल वनच्या, म्हणजे संस्थेची व पदाधिकाऱ्यांची नोंद असलेल्या धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीच्या, उताऱ्यावर जुनीच नावे राहतात, आणि बँक त्या उताऱ्याकडे पाहते, सत्काराच्या फोटोंकडे नाही.

एका संघटनेत नवे पदाधिकारी हारतुऱ्यांसह जाहीर झाले आणि वर्गणीही उत्साहाने जमा झाली. बँकेने मात्र सह्या बदलून देण्यास नकार दिला, कारण उताऱ्यावरील जुन्या सह्याधारकांपैकी एक हयात नव्हते आणि दुसरे परदेशी गेले होते. मग तात्पुरती सोय म्हणून वर्गणी खजिनदारांच्या वैयक्तिक खात्यात ठेवली गेली. प्रदर्शनासाठी मदत देऊ करणाऱ्या एका व्यापाऱ्याने संघटनेच्या नावाची पावती मागितली, तेव्हा ती देता येईना. सभासदांत कुजबुज सुरू झाली आणि अत्यंत प्रामाणिक असलेले ते खजिनदार दुखावून बाजूला झाले. त्यातच जुन्या नोंदवहीतील सभासदांनी, आपल्याला सभेची नोटीसच मिळाली नाही, अशी हरकत घेतली. कागद तपासल्यावर आधीच्या निवडणुकांचेही बदल अर्ज दिलेले नव्हते असे निघाले. सर्वांत जुन्यापासून क्रमाने, विलंब माफीच्या विनंतीसह, ते दाखल करण्यात तरुणांचा सगळा जोम खर्ची पडला.

म्हणून मी पहिल्या बैठकीआधीच संघटनेची घटना (नियमावली), सभासद नोंदवही आणि शेड्यूल वनचा ताजा उतारा मागतो, आणि हे तिन्ही समोर येईपर्यंत पदांची चर्चा होऊ देत नाही. ‘एवढ्या कटकटीपेक्षा नवीच संस्था नोंदवू’ हा सल्ला हमखास मिळतो. जुन्या संस्थेकडे ठेव, जागा किंवा सरकारी समितीवरील प्रतिनिधित्व असेल, तर तो सल्ला ऐकू नये. घाईने काढलेल्या समांतर संस्थेमुळे आधीच तोकडी असलेली सभासदसंख्या दुभंगते.

पहिलीच मागणी आयटी पार्कची करणे

मोठ्या शहरातील संघटनांचे निवेदन नाव बदलून जिल्हाधिकाऱ्यांना दिले जाते, छायाचित्र छापून येते आणि विषय तिथेच संपतो. आपले सभासद कोण आहेत ते आधी पाहावे: संगणक दुरुस्ती करणारे, सीसीटीव्ही बसवणारे, केबलवरून इंटरनेट देणारे, पतसंस्थांची सॉफ्टवेअर सांभाळणारे, कोविडनंतर गावीच राहून परदेशी ग्राहकांचे काम करणारे. यांना आज टोचणारा प्रश्न इमारतीचा नाही.

मुंबई–गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाच्या काळात खोदकामात इंटरनेटची फायबर केबल तुटणे हा आमच्याकडे नेहमीचा त्रास होता. सेवा देणारे विजेला दोष देत आणि वीजवाले सेवा देणाऱ्यांना. तेव्हा सभासदांनी एक साधा तक्ता ठेवला: गाव, सेवा बंद पडल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, आणि त्या वेळी वीज होती की नव्हती. या शेवटच्या रकान्याने वाद संपवला. वीज असतानाही सेवा बंद पडल्याच्या नोंदी रस्त्याखालच्या मोरीच्या खोदकामाच्या दिवसांशी जुळल्या आणि तो तक्ता उद्योगांच्या अडचणी ऐकणाऱ्या जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठकीत मांडल्यावर खोदकामाची सूचना आदल्या दिवशी मिळू लागली. त्यानंतर वर्गणीसाठी कोणाच्या मागे लागावे लागले नाही.

थकलेली बिले हा असाच दुसरा विषय आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात; त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते. मात्र ‘उद्यम’ ही अशा उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी काम घेण्याआधीची असावी, आणि निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हे संरक्षण मिळत नाही, देखभालीची सेवा देणाऱ्याला मिळते. हा फरक सभासदांना समजावून सांगणे कोणत्याही उद्घाटनापेक्षा मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

थोडक्यात, पण तितकेच महत्त्वाचे

व्हॉट्सॲप गट म्हणजे संघटना नव्हे. ठराव इतिवृत्तात लिहिलेला आणि सही झालेला असावा.

सभासदांनी मिळून दर ठरवू नयेत. स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 खाली ते अडचणीत आणणारे आहे, मग उद्देश एकमेकांना सांभाळून घेण्याचा का असेना.

वर्गणी माफ करू नये. फुकटचा सभासद सभेलाही येत नाही आणि हिशेबही विचारत नाही.

राजकीय पुढाऱ्याला अध्यक्ष करू नये. पाहुणे म्हणून जरूर बोलवावे.

मुंबई-पुण्यात मोठ्या कंपन्यांत काम करणारे चाकरमानी मे महिन्यात गावी येतात. त्यांच्याकडून प्रशिक्षण आणि ओळखी अवश्य घ्याव्यात, परंतु सचिवपद इथे राहणाऱ्याकडेच असावे, कारण धर्मादाय कार्यालयाची तारीख कोणाच्या सुट्टीनुसार लागत नाही.

सिंधुदुर्गात प्रत्येक सभा कुडाळलाच संध्याकाळी ठेवली, तर जिल्ह्याच्या टोकांना असलेल्या देवगड आणि दोडामार्गचे सभासद दुसऱ्यांदा येणार नाहीत. सभा तालुक्यांत फिरती आणि सकाळी ठेवावी, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर कोणालाच बोलावू नये.