एडिटर बदलला तरी नॅनोच उघडतो? या चुका टाळा

लिनक्समध्ये बॅश या शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग फाइलमध्ये, म्हणजे बॅशआरसीमध्ये, एडिटर म्हणून विम लिहिला, फाइल सेव्ह केली आणि क्रॉनटॅब (ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांची यादी) एडिटला टाकला, तर समोर विमऐवजी पुन्हा नॅनो हा दुसराच टेक्स्ट एडिटर! अशा वेळी विम पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. सेटिंग बहुधा बरोबर असतं, फक्त प्रोग्रामपर्यंत पोचत नाही.

आधी ती ओळच बघा. 'एडिटर' या व्हेरिएबलचं (सेटिंग साठवणाऱ्या नावाचं) स्पेलिंग पूर्ण कॅपिटलमध्ये हवं आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. स्पेस पडली की बॅश त्या नावालाच कमांड समजतो आणि 'कमांड नॉट फाउंड' म्हणून मोकळा होतो. ओळीच्या सुरुवातीचं 'एक्स्पोर्ट' (व्हेरिएबल इतर प्रोग्रामना देणारा शब्द) विसरलं तर जास्त फसगत होते. एको कमांडने छापून बघितलं की व्हेरिएबलची किंमत व्यवस्थित दिसते, पण ती त्या शेलपुरतीच. म्हणून तपासायला एको नको, प्रिंटएन्व्ह ही कमांड वापरा. एक्स्पोर्ट न झालेलं व्हेरिएबल तो दाखवतच नाही. बदलानंतर फाइल सोर्स करा (म्हणजे चालू शेलला ती पुन्हा वाचायला लावा) किंवा नवं टर्मिनल उघडा.

टर्मिनलमध्ये चालतं, पण एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून) लॉगिन केल्यावर नाही? मग घोळ फाइलचा आहे. लॉगिन करताना सुरू होणारा शेल आधी बॅश-प्रोफाइल ही फाइल शोधतो, ती सापडली तर साधी प्रोफाइल ही फाइल वाचतच नाही. उबुंटूत बॅशआरसी वाचली जाते ती या साध्या प्रोफाइलमधून. त्यामुळे एखाद्या इन्स्टॉलरने गुपचूप बॅश-प्रोफाइल तयार केली की दोन्ही फाइली बाद. त्या नव्या फाइलमध्ये साधी प्रोफाइल सोर्स करणारी एक ओळ टाका, काम झालं.

एवढं करूनही भलताच एडिटर येत असेल तर 'व्हिज्युअल' हे व्हेरिएबल कुठे सेट झालंय का बघा. क्रॉनटॅब आणि गिट (कोडमधले बदल नोंदवणारा प्रोग्राम) दोघेही 'एडिटर'च्या आधी त्याला मान देतात. गिटमध्ये तर कोअर-एडिटर हे कॉन्फिग त्याच्याही वर. तिथे व्हीएस कोड हा एडिटर लावायचा असेल तर पुढे 'वेट' ऑप्शन हवाच. नाहीतर विंडो उघडताच कमांड परत येते आणि मेसेज रिकामा समजून गिट कमिट (बदलांची नोंद) रद्द करतो.

अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणाऱ्या सुडोचं वेगळंच. तो डीफॉल्टने एन्व्हायर्नमेंट (एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबल्स) साफ करतो, त्यात तुमचा एडिटरही जातो. सिस्टिम फाइल बदलायला 'सुडो विम' न करता 'सुडोएडिट' वापरा: तो फाइलची तात्पुरती प्रत तुमच्याच युजरने उघडतो, म्हणून तुमची विमआरसी ही विमची सेटिंग फाइलही लागू होते.