सर्दी कायमचीच झालीये? मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे कधी जायचं

दुधाचं पातेलं करपून काळं झालं त्या दिवशी मला कळलं की मला वास येणं बंद झालंय. मी शेजारच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, सासूबाई गच्चीवरून वाळवण घेऊन आल्या आणि दारातूनच ओरडल्या, अगं जळतंय काय एवढं! आणि मला काही म्हणजे काहीच वास आला नव्हता. दुधाच्या जागी गॅस लीक झाला असता तर, हा विचार करून आजही पोटात गोळा येतो. त्याआधी कितीतरी वर्षं मी शिंका आल्या की एक सेट्रिझिन घे, झोप काढ, असंच करत होते, कारण घरात सगळ्यांनाच थोडीफार सर्दी असते ना, त्यात काय डॉक्टरकडे जायचं.

म्हणून हे लिहितेय, कारण लोक शिंका मोजत बसतात आणि शिंकांवरून खरं तर फारसं काही कळत नाही. सकाळी उठल्यावर लागोपाठ दहा शिंका, नाक-डोळे खाजणं, पाण्यासारखं नाक गळणं, ताप नाही, हे सगळं साधारण ॲलर्जीचं लक्षण, आणि साधी सर्दी असेल तर ती बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आटोपते. आमच्या पुण्यात पावसाळ्यात भिंतींना बुरशी, पाऊस संपता संपता काँग्रेस गवत फुललेलं (हे गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते 1955 साली पुण्यातच), मग दिवाळीच्या आवराआवरीतली धूळ, त्यामुळे नाक वाहायला निमित्त बारा महिने असतंच. एवढंच होत असेल आणि गोळीने बरं वाटत असेल तर आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर पुरेसे आहेत, लगेच स्पेशालिस्टकडे धावायची गरज नाही.

त्यांनी स्टिरॉइडचा नेझल स्प्रे दिला असेल तर आधी तो नीट मारला जातोय का ते बघा, कारण मी स्वतः वर्षभर चुकीचा मारत होते. मान वर करून जोरात ओढायचा नसतो, तसं केलं की सगळं औषध घशात जातं आणि कडू लागतं. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे आपोआप फवारा मधल्या पडद्यावर न पडता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने जातो. मग हळूच श्वास घ्यायचा, बस. आणि हा रोज मारायचा असतो, पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात, दोन दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका. असा नीट तीन-चार आठवडे मारूनही नाक चोंदलेलंच, झोप होत नाही, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञाची अपॉइंटमेंट घ्याच.

नाक झटकन मोकळं करणारे थेंब मिळतात ना मेडिकलमध्ये, ते वेगळे हं. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असं नाव बाटलीवर असतं. ते तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे नाक त्या थेंबांशिवाय उघडतच नाही, उलट जास्त चोंदतं. उशाशी ती बाटली नसेल तर झोप लागत नाही अशी वेळ आली असेल तर तेही जाण्याचं कारण आहे, लाजू नका, डॉक्टर ते व्यवस्थित सोडवून देतात.

आता जिथे थांबायचंच नाही ते. ॲलर्जी दोन्ही नाकपुड्यांना होते. एकच बाजू कायम बंद, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वास येणारा शेंबूड, हे ॲलर्जीच्या नावाखाली ढकलू नका. लहान मुलात असं दिसलं तर नाकात मणी, शेंगदाणा, खडू काहीतरी घातलेलं असू शकतं, आणि घड्याळात किंवा खेळण्यात असतो तो छोटा चपटा सेल असेल तर त्याच क्षणी निघायचं, तो काही तासांत आतून भाजतो. वाकल्यावर एकाच बाजूने पाणी टपटपतं, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर, तर लगेच दाखवा. डायबेटिस असलेल्यांना चेहरा दुखणं, डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, नाकातून काळपट काही येणं, असं झालं तर थेट हॉस्पिटल, 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, काय केलं ते आपण महाराष्ट्रात पाहिलंय. आणि ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठून चक्कर, याला नाकाचा डॉक्टर नाही, इमर्जन्सी.

वास जाणं, तीन महिने झाले तरी नाक बंद आणि घट्ट पिवळा शेंबूड घशात उतरणं, कानाला दडे बसणं, यात इमर्जन्सी नसते पण दाखवायला हवंच. माझ्या नाकात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेल्या मऊ गाठी, निघाले. डॉक्टरांनी सुन्न करणारा स्प्रे मारून बारीक दुर्बीण आत घातली, दोन मिनिटांचं काम, आणि स्क्रीनवर सोललेल्या द्राक्षासारखे फिकट गोळे दिसले, इतकी वर्षं हे आत घेऊन मी फिरत होते! औषधं सुरू झाली आणि काही दिवसांनी एका सकाळी हिंगाच्या फोडणीचा वास आला, मी गॅससमोर उभी राहून रडले.

मुलांकडे जास्त लक्ष द्या कारण ती सांगत नाहीत. तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं, मधेच श्वास अडकल्यासारखं होणं, तळहाताने सारखं नाक वर चोळणं, टीव्हीचा आवाज वाढवत जाणं. बाई म्हणतात वर्गात लक्ष नसतं, आपण ओरडतो, आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असतं, त्या लेकराला नीट ऐकूच येत नसतं. ओरडण्याआधी एकदा कान तपासून घ्या.

जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा: कधी त्रास होतो, घरात की बाहेर, झाडताना की सकाळी, कुठली बाजू. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. त्यात मॉन्टेलुकास्ट (ॲलर्जी-दम्यासाठी देतात ते औषध) असेल आणि मूल चिडचिडं झालंय, झोपेत दचकतंय असं वाटत असेल तर मुद्दाम सांगा, त्या औषधावर तशी वॉर्निंग आहे. त्वचेवर टोचून ॲलर्जी टेस्ट करायची असेल तर सेट्रिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, म्हणून फोनवरच विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा होतो. स्वतःच्या मनाने रक्ताची महागडी ॲलर्जी पॅकेजेस करून जाऊ नका, रिपोर्टमध्ये वांगं पॉझिटिव्ह आलं म्हणजे वांग्याने त्रास होतोच असं नसतं, आणि लोक उगाच अर्धं जेवण सोडून बसतात.

नाकाचं हाड वाकडंय, ऑपरेशन करा, असं सांगितलं तर शांतपणे विचारा की याने श्वास मोकळा होईल की ॲलर्जीही जाईल. हाड सरळ केल्याने ॲलर्जी जात नाही, स्प्रे नंतरही लागू शकतो. इम्युनोथेरपी सुचवली, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे त्याची शरीराला हळूहळू सवय लावणारी इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब, तर ती साधारण तीन ते पाच वर्षं चालते, त्यामुळे खर्च आणि दर खेपेचं येणं-जाणं आधीच विचारा आणि मगच हो म्हणा.