इंग्रजीची उजळणी करताना या चुका टाळा

रंगीत पेनाने रेघा मारलेली दोनशे पानी वही तिसऱ्यांदा वाचून होते, आणि तरी तोंडातून ‘आय हॅड गॉन टू रंकाळा यस्टरडे’ असंच निघतं. वही वाचणं म्हणजे उजळणी नव्हे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि तेवढ्यावरच आपल्याला येतंय असा समज होतो. वही मिटा, त्या नियमाची पाच वाक्यं कोऱ्या कागदावर लिहा, मगच उघडून पडताळा.

वरच्या वाक्यातला ‘हॅड’ आला कुठून? ‘काल रंकाळ्यावर गेलो होतो’ यातल्या ‘होतो’तून. आपल्याकडे एकट्या घटनेलाही ‘होतो’ चालतं. इंग्रजीत काल, परवा, गेल्या रविवारी अशी वेळ सांगून एकच गोष्ट सांगायची असेल तर साधा भूतकाळ पुरतो: ‘आय वेंट’. दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवायचं असेल तेव्हा ‘हॅड’ लागतो. ‘द बस हॅड लेफ्ट व्हेन वुई रीच्ड द स्टँड’, म्हणजे एसटी आधी सुटली, आपण नंतर पोचलो. चुकलेल्या वाक्याशेजारी त्यामागचं मराठी वाक्य लिहून ठेवा. नुसती बरोबर-चूक अशी खूण केली तर चूक आली कुठून हे कधीच कळत नाही.

‘पासून’ असंच फसवतं. ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे आपला शब्द एकच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, आणि मोजून सांगितलेला काळ असेल तर ‘फॉर’. शिवाय मराठीत ‘राहतो’ म्हणून भागतं, तिथे इंग्रजीला ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. ‘जरी… तरी’चंही तेच: ‘ऑल्दो’ लिहिलं की पुढचा ‘बट’ गाळायचा.

‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंगवरून ठरवू नका, उच्चारावरून ठरवा. इथे देवनागरी कामाला येते. शब्द देवनागरीत लिहून पाहा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’: ॲन अवर, ॲन एमबीए. य किंवा व आला तर ‘अ’: अ युनिव्हर्सिटी, अ वन-वे रोड. एक खड्डा मात्र आहे. वर्षाला आपण ‘इयर’ लिहितो, पण मूळ उच्चारात सुरुवातीला य असतो, म्हणून ‘अ’ लागतो. ‘ॲन इयर’ म्हटलं तर तो कान झाला!

शब्दसंग्रहात एका शब्दापुढे एकच मराठी अर्थ लिहिणं सगळ्यात महागात पडतं. ‘उसने’ एवढंच लिहिलं की ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एकमेकांत मिसळतात. एक घेणाऱ्याचा शब्द, दुसरा देणाऱ्याचा. अर्थाऐवजी छोटं वाक्य लिहा आणि शब्दाला कोणतं शब्दयोगी अव्यय लागतं, की लागतच नाही, हेही टिपा. ‘विषयी चर्चा’ डोक्यात असते म्हणून ‘डिस्कस अबाउट’ होतं. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नकोच.

एकाच धड्याचे वीस प्रश्न सलग सोडवले तर धड्याचं नावच उत्तर सांगून जातं. काळ, आर्टिकल, शब्दयोगी अव्यय यांचे पाच-पाच प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून पिसा.

रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली फेरी दुसऱ्याच दिवशी घ्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. दिवसाला आठ-दहा शब्द पुष्कळ झाले. एखादी चिठ्ठी सातव्या दिवशी चुकली तर तिला पुढे ढकलू नका, पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात टाका.