पाऊण इंची गोटी पाना कधी काढायचा?

गोटी म्हणजे नटावर बसणारा सॉकेट; अर्धा किंवा पाऊण इंच हे माप नटाचं नव्हे, गोटी ज्यावर बसते त्या दांड्याच्या चौकोनी गट्टूचं. घरच्या कारचं बहुतेक काम अर्धा इंची गोटी पान्यावर भागतं. चाकाचे नट साधारण 100-120 न्यूटन-मीटरला (हे पिळाचं माप) आवळलेले असतात, त्याला जड हत्यार कशाला? अडतं ते पुढच्या एक्सलच्या हब नटाला (चाकाच्या मधोमध असतो तो मोठा नट), नाहीतर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ऊस ट्रॉलीला. मग लोक दांड्यावर पाइप घालून लोंबकळतात. 60 किलोचा माणूस मीटरभर पाइपच्या टोकाला लटकला की पीळ जवळपास 600 न्यूटन-मीटर होतो, आणि अर्ध्या इंचाचा चौकोनी गट्टू तिथंच तुटू शकतो. अशा वेळी पाऊण इंची काढायचा, तो असा:

1. आदल्या रात्री आट्यांवर तारेचा ब्रश मारा, गंज सोडवणारं तेल सोडा.
2. हब नट सुटू नये म्हणून त्याची एक्सलच्या खाचेत ठोकलेली कड छिन्नीनं आधी उचला. हे विसरलं की एक्सलचे आटे गेलेच.
3. गोटी सहा कोनीच हवी. बारा कोनी गोटी गंजक्या नटाचे कोपरे खाते.
4. चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. जॅकवरच्या गाडीला हा जोर लावायचा नाही.
5. दांडा स्वतःकडे ओढा, ढकलू नका.

अख्खा सेट घेऊ नका, महाग आणि वजनाला धोंडा. उद्यमनगरासारख्या हत्यारांच्या बाजारात सुट्टं विचारा: एक लांब दांडा आणि लागेल त्या मापाच्या गोट्या. बऱ्याच कारचा हब नट 30 किंवा 32 एमएमचा असतो, तरी नटाला व्हर्नियर कॅलिपर लावून मगच घ्या.

हाच दांडा 10-12 एमएमच्या बोल्टला मात्र लावू नका. मुंडी तुटेपर्यंत हाताला काहीच जाणवत नाही.