जे ठरवायचं ते अंगावर कपडे असतानाच

परवा चाळीतल्या एका मुलीने मला जिन्यात गाठलं. "ताई, एका पेंटरकडे बसायला बोलावलंय. जाऊ का?" चित्रासाठी मॉडेल होण्याला आमच्यात 'बसणं'च म्हणतात, मग तीन तास उभं राहायचं असलं तरी. मी गेली चौदा वर्षं बसते आहे, कॉलेजांतही आणि खाजगी स्टुडिओंतही. तिला जिन्यात उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

आधी एक सांगते, या कामात लाजण्यासारखं काही नाही. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तिथले तेव्हाचे प्रिन्सिपल ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी नग्न मॉडेलवरून अभ्यास सुरू केला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. खांद्याचं हाड कुठे वळतं, वजन एका पायावर आलं की कंबर कशी तिरकी होते, हे मुलं आमच्याकडे बघूनच शिकतात. पण काम चांगलं आहे म्हणून बोलावणारा प्रत्येक माणूस चांगला असेलच, असं धरून चालू नका.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका खाजगी स्टुडिओत पोर्ट्रेट ठरलं होतं, नऊवारी नेसून, फक्त चेहरा आणि हात. दुसऱ्या ब्रेकनंतर चित्रकार म्हणाले, "पदर जरा खाली घ्या, खांद्याची रेघ हवीय." मी घेतला. मग म्हणाले, अजून थोडा. पायांना मुंग्या आलेल्या, खोलीत आम्ही दोघंच, आणि निम्मं चित्र झालेलं असताना मोडता कसा घालायचा, या विचारात मी गप्प राहिले. ती वीस मिनिटं मला अजून आठवतात. मॉडेलच्या स्टँडवर बसल्यावर माणसाला घासाघीस करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून जे काही ठरवायचं ते मी आदल्या दिवशीच ठरवते, आणि लिहून ठरवते.

तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करताना दमछाक होते. स्टॅम्पपेपरच हवा असं नाही. मी व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज पाठवते: "उद्या 11 ते 1, तुमच्या स्टुडिओत. साडीत, पोर्ट्रेट. यापेक्षा वेगळी पोझ हवी असेल तर ती दुसऱ्या दिवशी, नव्याने ठरवून. दर 20 मिनिटांनी 5 मिनिटं ब्रेक. खोलीत तुम्ही आणि तुमचे दोन विद्यार्थी, बाकी कोणी नाही. फोटो नाहीत. निम्मं मानधन आज, निम्मं निघताना. बरोबर ना?" समोरून 'हो' आलं की त्याचा स्क्रीनशॉट बहिणीला पाठवते. ज्याला सरळ काम करायचंय तो या मेसेजवर रागावत नाही. जो म्हणतो, "एवढा विश्वास नाही का?", त्याच्याकडे मी जात नाही. पैसे यूपीआयवर घेते, म्हणजे कोणी, कधी, किती दिले याची आपोआप नोंद राहते. आदल्या रात्री सिटिंग रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत देत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

फोटोंचं नीट समजून घ्या. चित्रकार फोटो मागतात त्यात दर वेळी काळंबेरं नसतं. उजेड बदलतो, पुढचं सिटिंग आठ दिवसांनी असतं. चेहऱ्याचा किंवा साडीच्या चुण्यांचा फोटो मी कधी कधी देते, पण माझ्यासमोर काढायचा, मला दाखवायचा आणि चित्र पूर्ण झालं की पुसायचा. न्यूड सिटिंगला फोटो अजिबात नाही. सगळ्यांचे मोबाइल दाराजवळच्या टेबलावर, पालथे. कायदाही इथे आपल्या बाजूने आहे. बाईचे असे खाजगी फोटो चोरून काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. आणि बाईने फोटो काढू दिला, पण तो दुसऱ्याला द्यायला हो म्हटलेलं नसेल, तर तो पसरवणं हासुद्धा गुन्हाच आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. पुरुष मॉडेलसाठी आयटी कायद्याचं कलम 66ई आहे.

चित्राची गोष्ट निराळी. चित्र आणि त्याचे हक्क चित्रकाराचे, ते कितीला विकलं गेलं यात आपला वाटा नाही. म्हणून आधीच विचारा, प्रदर्शनात लावणार का? इन्स्टाग्रामवर टाकणार का? चेहरा ओळखू येईल का? उद्या ते जहांगीर आर्ट गॅलरीत लागलं आणि तुमचा चुलत दीर समोर उभा राहिला, तर चालेल का, हे आज स्वतःला विचारा. चालणार नसेल तर पाठमोरी पोझ मागा. मागता येते.

अठरा पूर्ण नसतील तर या कामाला जाऊच नका, कोणी कितीही समजावलं तरी.

पहिलं सिटिंग शक्यतो कॉलेजच्या वर्गात घ्या. तिथे वीस मुलं असतात, सर किंवा मॅडम असतात, कपडे बदलायला आडोसा असतो. खाजगी जागी पहिल्यांदा सोबत न्या. माझी बहीण बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसायची. कडी कुठे आहे ते आत शिरतानाच बघून ठेवा. पुढे बटणं असलेला सुती गाऊन आणि स्वतःची चादर बरोबर असू द्या. ब्रेक झाला की गाऊन अंगावर, मगच स्टँडवरून खाली.

पोझ तोंडाने सांगायची किंवा स्वतः करून दाखवायची, हात लावायचा नाही. ब्रेकनंतर तीच जागा सापडावी म्हणून पायाभोवती खडूने रेघ मारतात. एका वर्गात पहिल्या वर्षाचा एक मुलगा खडू घेऊन खाली बसला, करंगळीपाशी थांबला आणि म्हणाला, "मावशी, पायाला लागेल, चालेल ना?" एवढ्या साध्या प्रश्नाने मला त्या वर्गात तीन तास घरच्यासारखं वाटलं. असं विचारणाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा जा.

उभ्या पोझला गुडघे ताणून ठेवू नका, घेरी येते. हात वर धरायची पोझ पाच मिनिटांच्या वर कबूल करू नका. नजरेसाठी भिंतीवर एक खूण पकडा. पाय बधिर व्हायला लागला की ब्रेकची वाट न बघता सांगा, "थांबा."

ठरल्याबाहेर काही मागितलं तर कारण देत बसू नका. "हे ठरलेलं नाही" एवढंच म्हणा, गाऊन घाला, निघा. उरलेले पैसे बुडाले तरी निघा. कोणी वाट अडवली तर 112 लावा. मी स्टुडिओत शिरताना बहिणीला पत्ता पाठवते आणि बाहेर पडल्यावर 'निघाले' असं लिहिते. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत तो शब्द आला नाही तर ती फोन करते, आणि मी उचलला नाही तर शेजारच्या दादांना घेऊन थेट तिथे येते.